मोएनच्या कादंबऱ्यांतली रिकामी खोली

१० जानेवारी १९८३. नॉर्डाल, विस्कॉन्सिन

डुब्यूकहून साडेतीन तासांचा रस्ता, बर्फामुळे सहा तास लागले. पोचले तेव्हा आन्सगर मोएन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ताटलीतला माशाचा तुकडा काट्याने चाचपत होते. वय एक्याऐंशी. डोळे जवळजवळ गेलेत, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. मी हात पुढे केला तो त्यांना दिसला नाही. मग त्यांच्या मुलीने, रागनाने, त्यांचा हात उचलून माझ्या हातात दिला.

"म्हणजे मला तत्त्वज्ञ ठरवणाऱ्या बाई त्या तुम्हीच," म्हणाले.

मी हो म्हटलं.

"तेव्हाच कळवायचं होतंत. गावात जरा मान मिळाला असता."

वीस वर्षं या माणसाच्या कादंबऱ्या शिकवल्या, याच्यावर माझं पहिलं आणि बहुधा शेवटचं पुस्तक होऊ घातलंय, आणि आज त्याच्यासमोर बसून मुकाट्याने मासे खाल्ले. एक धड वाक्य तोंडातून निघालं नाही.

रागनाने पत्रातून ठरवलं होतं ते असं. रोज सकाळी दहा ते बारा मी त्यांना त्यांच्याच कादंबऱ्या वाचून दाखवायच्या. त्यांना आता स्वतःला वाचता येत नाही, आणि रागना सकाळी टपाल कचेरीत असते. बदल्यात त्यांना हवं ते विचारायचं. कॉलेजने उन्हाळ्यापर्यंत सुटी दिलीय. विद्यापीठाच्या प्रकाशनाला हस्तलिखित जूनअखेर हवंय. मला वरची खोली मिळाली आहे, रागनाची लहानपणची. पलंग आखूड आहे, पाय बाहेर येतात.

१२ जानेवारी

वाचन सुरू झालं. त्यांच्या लिहायच्या खोलीत बसतो. एवढी मोठी खिडकी मी कुठल्या लेखकाच्या खोलीत पाहिलेली नाही. खाली टेकाड उतरून गेलं की सरळ मिसिसिपी. इथे ती तळ्यासारखी पसरते. सध्या गोठलेली आहे, वर मासेमारीच्या खोपट्या उभ्या आहेत आणि लोक खुशाल ट्रक घेऊन त्यांच्यापर्यंत जातात. मोएन मात्र खिडकीकडे पाठ करून बसतात. खुर्ची वळवू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, वारा लागतो.

पहिली कादंबरी नको, दुसरीपासून वाचा म्हणाले. म्हणजे 'दक्षिणेकडचं कुरण' त्यांनाही कच्ची वाटते. माझ्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मी तेच लिहिलंय. बरं वाटलं.

१५ जानेवारी

वॉरन नेहमी म्हणतो, एनिड, तुझं पुस्तक मला दोन वाक्यांत सांग. पंचवीस वर्षांच्या संसारात ते मला जमलेलं नाही. इथे करून पाहते.

मोएनच्या पहिल्या कादंबरीत सगळं डोळ्यांसमोर घडतं, जन्म, भांडणं, मरणं, सगळं. नंतरच्या पाचही कादंबऱ्यांत मात्र एक माणूस घरातून निघून जातो तो परत येत नाही, आणि त्याचं जाणं आपल्याला कधीच दाखवलेलं नाही. गोष्ट सांगणारा दर वेळी उशिरा पोचतो. दार उघडं असतं, चुलीवर कॉफी अजून कोमट असते, खोली रिकामी असते. बस. मी याला 'रिकामी खोली' असं नाव दिलं आणि ते आता सगळे वापरतात. माझं म्हणणं असं की यात एक तत्त्व आहे. जगावं की जगू नये हे माणूस ठरवतो, त्या क्षणी तो पूर्ण एकटा आणि पूर्ण मोकळा असतो. तो क्षण बघायचा हक्क कोणालाही नाही, लेखकालासुद्धा. म्हणून मोएन मान वळवतात. लोक ज्याला हातचलाखी म्हणतात ती खरं तर अदब आहे.

ही दोन वाक्यं झाली नाहीत. वॉरनला पाठवणार नाही.

१९ जानेवारी

आज त्यांच्या बायकोचा विषय निघाला, म्हणजे मीच काढला. रागना बटाट्याच्या पोळ्या लाटत होती. त्यांच्या चरित्राच्या टिपणात आहे तेवढंच ती बोलली. २४ मार्च १९४६. तिचे वडील टाइपरायटरची रिबन आणायला गावात गेले होते. रागना आठ वर्षांची, ताप आल्यामुळे वर झोपलेली. दुपारी ते परतले तर दार उघडं आणि तिची आई, बोर्गिल्ड, घरात नाही. एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ फुटल्यावर तिचं प्रेत खालच्या वळणावर सापडलं. तिने ठरवून केलं की बर्फाने दगा दिला, ते कोणालाही कळलं नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"पापा गावात होते," रागना म्हणाली. "असं ते सांगतात."

तिने त्यांच्या कादंबऱ्या वाचल्यात का, तेही विचारून घेतलं. वाचल्यात म्हणाली. कशा वाटल्या? "चांगल्या लिहितात पापा." आणि पोळी तव्यावर टाकली. इतक्या मोठ्या लेखकाची मुलगी, पण साहित्यात रस नाही हे दिसतंच.

२३ जानेवारी, रविवार

वॉरनचा फोन. त्याच्या मानेवर गाठ आलीय, दाढी करताना हाताला लागली. डॉक्टर म्हणतात बघू या. तो चेष्टेने म्हणाला की औषधाच्या दुकानात तीस वर्षं उभं राहिल्याचं हे बक्षीस. मी त्याला मोएन कसे ऐकतात ते सांगितलं. डॉक्टर काय निदान सांगतोय हे ऐकायला बसलेल्या माणसासारखे. उघड्या दाराचं प्रकरण जवळ आलं की "पुढचं घ्या" म्हणतात. इतकं पाठ असेल कदाचित.

३१ जानेवारी

आजचा दिवस मोठा. मोएनांनी स्वतःहून विचारलं, "ती रिकामी खोली काय भानगड आहे, एकदा नीट सांगा."

मी तासभर बोलले. वर्गातही इतकं चांगलं बोलले नसेन. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. एकेचाळीस साली त्यांनी तत्त्वज्ञानाची पुस्तकं मागवली होती त्याचा दाखला दिला, तेव्हा फक्त म्हणाले की त्यातली दोन उघडलीसुद्धा नाहीत, पानं अजून चिकटलेली असतील. माझं संपलं.

"फार छान मांडलंत, बाई," म्हणाले. "मला पटावंसं वाटतं."

संध्याकाळी प्रकाशनाच्या संपादकांना पत्र लिहिलं की लेखकाने माझ्या मांडणीला दुजोरा दिला.

९ फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहून ठेवते, शब्द निसटायच्या आत.

सकाळी त्यांनी 'दक्षिणेकडचं कुरण' मागितली. नववं प्रकरण. रागना कचेरीत गेलेली. मी वाचू लागले, दुधाच्या गाडीचा प्रसंग. एका वाक्यापाशी त्यांनी हात वर केला. "ते परत."

मी परत वाचलं. "दुधाचे डबे रस्त्याच्या कडेला ओळीने उभे होते, आणि त्यांच्या झाकणांवर सकाळ अजून बसलेली नव्हती."

"आता पुढचं."

"माणूस गाडी थांबवून उतरला, आणि पहिला डबा उचलताना त्याला वाटलं, आज हा हलका आहे."

मग त्यांनी सांगितलं. आवाज कुठे चढला नाही की कापला नाही. बोर्गिल्ड गेली त्या दिवशी ते गावात नव्हते. इथेच होते, याच टेबलाशी, तेव्हा खिडकीकडे तोंड करून. या दोनांतलं पहिलं वाक्य अर्धं झालं होतं. मान वर केली तर बोर्गिल्ड बर्फावर, किनाऱ्यापासून बरीच आत. अंगात घरातला स्वेटर, डोक्यावर काही नाही. मार्च संपत आलेला. बर्फ वरून पांढरा दिसत होता पण आतून पोकळ झालेला, गावात कोणी त्यावर पाऊल ठेवत नव्हतं.

"मला वाटलं, एवढं वाक्य पुरं करू आणि हाक मारू," ते म्हणाले. "ती जायची अशी अधूनमधून. यायची परत. वाक्य पुरं केलं. तर त्याच्यामागून दुसरं आलं. ते इतकं आपणहून आलं, बाई, की सोडवेना. तेही लिहिलं. मान वर केली तर बर्फावर कोणी नव्हतं."

(खालून रागनाने हाक मारली, वॉरनचा फोन आहे. एवढं लिहून होऊ दे, मग करते म्हणून सांगितलं.)

मग ते टेकाड उतरून धावले. हाका मारल्या. बर्फात काळं पाणी दिसलं. वर आले, मदत आणायला म्हणून गाडी काढली, आणि गावात पोचल्यावर दुकानात शिरून रिबन विकत घेतली. का घेतली ते त्यांना आजही सांगता येत नाही. पण रिबन हातात आली तेव्हा गोष्ट तयार झाली होती. मी रिबन आणायला गेलो होतो.

"आणि रागनाला?" मी विचारलं.

"शेरीफच्या पोलिसांना जे सांगितलं तेच." त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. "मी गेल्यावर तुम्ही सांगा तिला. तुम्हाला बोलता येतं. मी पाच वेळा बसलो सांगायला. पाच पुस्तकं. दर वेळी माणूस दारापर्यंत येतो. पुढे मला नाही जमत."

१० फेब्रुवारी

झोप लागली नाही म्हणणं खोटं होईल. लागली, आणि जाग आली ती आनंदाने, मग त्या आनंदाची लाज वाटली. वीस वर्षांत मोएनवर कोणालाही न सापडलेली गोष्ट माझ्या हाती आहे. आणि तीच माझ्या पुस्तकाच्या मुळावर येते. अदब वगैरे काही नाही. एक माणूस तिथे होता आणि त्याने तसं सांगितलं नाही, एवढंच. की दोन्ही खरं असू शकतं? आज मला ठरवता येत नाही.

ती दोन वाक्यं मोठ्याने वाचायला एकवीस सेकंद लागतात. मग मी कोरा कागद घेतला आणि ती पहिल्यांदाच सुचताहेत अशी, थांबत, खोडत लिहून पाहिली. सहा मिनिटं लागली. सहा मिनिटांत बाई किती लांब जाते ते खिडकीत उभं राहून पाहिलं. बर्फावर एक म्हातारा खोपटीकडे चालला होता, त्याच्यावर घड्याळ लावलं. बरंच लांब जाते.

दुसरं वाक्य चांगलं आहे. मी ते दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते, कच्च्या पुस्तकातलं एकमेव पिकलेलं वाक्य म्हणून. यातलं सगळ्यांत वाईट हेच वाटतं मला, की ते चांगलं आहे.

१३ फेब्रुवारी, रविवार

चर्चहून परतताना रागनाने विचारलं, "तुमच्या यजमानांना फोन केलात का परत?"

करते म्हटलं. ती गाडी चालवता चालवता माझ्याकडे बघत राहिली, इतकी की रस्त्याकडे बघा असं सांगावं लागलं. मला जरा रागच आला. हिला काय करायचंय? आणि हिच्याशी नीट बोलताही येत नाही मला आता. टेबलावर ती मीठ मागते आणि माझ्या मनात खिडकी येते.

२० फेब्रुवारी, रविवार

वॉरनशी बोलणं झालं. गाठीचा तुकडा काढला, गुरुवारी. नऊ तारखेचा त्याचा फोन ती तारीख कळवायलाच होता. शेजाऱ्यांची गाडी बंद पडली होती म्हणून बसने एकटाच गेला. निरोप का नाही ठेवलास म्हणून मी विचारलं.

"तू लिहीत होतीस," म्हणाला.

मी त्याला समजावलं की तो दिवस खरंच तसा होता, आणि मग सगळं सांगितलं, बर्फ, वाक्य, रिबन. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. "तुझं चांगलं झालं, एनिड," म्हणाला. तपासणीचा निकाल आठवड्याभरात येईल. आवाज थकलेला वाटला, टाक्यांमुळे असेल.

१ मार्च

निकाल आला. चांगला नाही. पण उपचार आहेत म्हणतात, एप्रिलपासून. मी लगेच निघते म्हटलं. वॉरन म्हणाला काम उरकून ये, घाई नाही. म्हणून महिनाअखेरपर्यंत थांबायचं ठरवलं.

२ मार्च

मोएनांना स्पष्ट सांगितलं की मी निरोप्या होणार नाही. तुमचं तुम्ही बोला. ते म्हणाले, "बाई, तुम्ही तर माझ्या पुस्तकांचा अर्थ जगाला सांगता. एकीला सांगायला काय झालं?" टोमणा होता, पण त्यात जोर नव्हता. खोकला वाढलाय. दुपारी अंगात ताप होता.

५ मार्च

न्यूमोनिया. डॉक्टर येऊन गेले. दवाखान्यात न्यायचं म्हणत होते, मोएनांनी साफ नकार दिला. रागनाने रजा घेतली. आज दिवसभर चर्चच्या बायका झाकलेली भांडी आणून ठेवताहेत. सगळ्यांत तेच, मटण आणि बटाटा.

६ मार्च

दुपारी ते झोपले होते. मी भांडी पुसत होते, रागना धूत होती. पाण्यातून हात न काढता तिने विचारलं, "त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"काय?"

"खिडकीचं."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली.

तिला ठाऊक होतं. सदतीस वर्षं. त्या दिवशी ताप होता, घसा कोरडा पडला म्हणून ती पाणी प्यायला खाली येत होती. जिन्याच्या वळणावरून लिहायची खोली दिसते. वडील टेबलाशी होते, पाठमोरे. त्यांच्या पलीकडे खिडकी, आणि खिडकीत आई, बोटाएवढी. वडिलांनी मान वर करून बघितलं. मग मान खाली घातली.

"त्यांनी बघितलं म्हणून मला भीती वाटली नाही," रागना म्हणाली. "पापांनी बघितलंय म्हणजे ठीक असणार. मी पाणी न पिताच वर गेले आणि झोपले. मीसुद्धा हाक मारली नाही, एनिड."

इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा माझं नाव घेतलं.

मी म्हटलं, तू आठ वर्षांची होतीस. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, सगळे तेच म्हणतील म्हणून तर कोणाला सांगितलं नाही. वडिलांना सांगितलं असतं तर तिचं स्वतःचंही सांगावं लागलं असतं. मग त्यांचं लिहिणं थांबलं असतं. मग घरात काय उरलं असतं, दोन माणसं आणि एक खिडकी.

"प्रत्येक पुस्तक आलं की मी पहिल्या दिवशी वाचायचे," ती म्हणाली. "या वेळी तरी येतात का खिडकीपर्यंत ते बघायला. तू म्हणतेस त्यात तत्त्व आहे. असेल. मला वाटायचं, मला लिहिलंय."

मी तिला सांगून टाकलं की त्यांच्यामागे मी तुला सांगावं अशी त्यांची इच्छा आहे.

तिने नळ बंद केला. "म्हणजे परत उशिराच."

७ मार्च

माझ्या पुस्तकातलं वाक्य आज वाचलं, 'त्या क्षणी माणूस पूर्ण एकटा असतो.' त्या क्षणी तिथे तिघं होती. एक बर्फावर, एक टेबलाशी, एक जिन्यात. कोणी एकाने तोंड उघडलं असतं तर बाकी दोघांचं काय झालं असतं हे कोणाला ठाऊक. बोर्गिल्डने काय ठरवलं होतं, काही ठरवलं तरी होतं का, यावर मी सातव्या प्रकरणात चाळीस पानं लिहिली आहेत.

संध्याकाळी वॉरनला फोन केला. तो झोपला होता, त्याच्या बहिणीने उचलला. ती तिथे राहायला आलीय हे मला माहीत नव्हतं.

९ मार्च

सकाळी मोएन जागे होते, शुद्धीत होते. वाचा म्हणाले. शेवटची कादंबरी राहिली होती, 'उशिरा पोचलेले', तिचं शेवटून दुसरं प्रकरण. श्वास लागत होता, तरी आज त्यांनी पुढचं घ्या म्हटलं नाही.

मी पानभर वाचलं असेल. रागना आत आली आणि माझ्याकडे हात केला. मी पुस्तक दिलं, उठले, ती माझ्या खुर्चीत बसली. तिचं वाचणं शाळेतल्या मुलीसारखं आहे, एका सुरातलं, प्रत्येक शब्दावर तेवढाच भार. सांगणारा माणूस टेकाड चढतो. कुंपणाचं फाटक हलतंय. दार उघडं. कॉफी कोमट. "त्याने खोलीत पाहिलं, आणि खोलीत कोणी नव्हतं." इथे प्रकरण संपतं. मला ते पान पाठ आहे.

रागनाने पुस्तक मिटलं नाही. त्याच सुरात पुढे वाचत राहिली.

"पण त्याआधी खोलीत एक माणूस होता. तो टेबलाशी बसला होता. त्याने मान वर केली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. बर्फावर त्याची बायको होती. त्याने मान खाली घातली आणि लिहायला लागला."

मोएनांचे हात पांघरुणावर होते. ते हलले नाहीत. मग म्हणाले, "हे पुस्तकात नाही."

"माझ्या प्रतीत आहे, पापा."

त्यांच्या छातीतून शिटीसारखा आवाज येत होता. मला वाटलं आता ती थांबेल. ते म्हणाले, "पुढे काय आहे?"

"पुढे जिन्यात एक मुलगी आहे," रागना म्हणाली. आता ती पुस्तकात बघत नव्हती. "तिलाही दिसलं."

त्यांनी तोंड तिच्या आवाजाच्या दिशेने वळवलं. मी तिथून निघाले आणि दार लावून घेतलं. ती दोघं पुढे काय बोलली ते मला ठाऊक नाही. विचारलेलं नाही. बाराच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात सूप गरम करत होते, तेव्हा त्यांच्या खोलीतून खुर्ची सरकवल्यासारखा आवाज आला, आणि त्यानंतर बराच वेळ काही नाही.

१२ मार्च

आज सकाळी सातला आन्सगर मोएन गेले. रागना जवळ होती.

१४ मार्च

चर्चमध्ये प्रार्थना झाली. दफन मेमध्ये. जमीन चार फूट गोठलेली आहे, तोवर पेटी स्मशानाच्या दगडी कोठडीत राहील. इथे हिवाळ्यात जाणाऱ्या सगळ्यांचं असंच असतं. रागनाला मी विचारलं की मी काय लिहावं असं तुला वाटतं. "ते तू ठरव," म्हणाली. "मला आधी वाचायला दे एवढंच." मग म्हणाली, "आणि आता घरी जा, एनिड. मी बॅग भरून देते."

उद्या निघते.

७ मे, डुब्यूक

काल दफन झालं. वॉरन बरोबर आला होता. नको म्हटलं तरी आला. उपचाराचे चार आठवडे झालेत, गळ्याला मफलर, आणि मेच्या उन्हातही थंडी वाजते त्याला. नदी मोकळी होती, बोटी वर जात होत्या. बोर्गिल्डच्या शेजारीच जागा आहे. रागनाने दोन्हीकडे माती टाकली.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण. एक तरुण संशोधक खास प्रवास करून आला होता, अगदी नम्र. ताटली घेऊन माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला की रिकाम्या खोलीविषयी तुमच्या लेखानंतर बोलायला काही उरलेलंच नाही. बरंच उरलंय, मी म्हटलं, पण ते माझ्याकडून नको. त्याला वाटलं मी विनयाने बोलतेय. पलीकडे रागना सगळ्यांना कॉफी ओतत होती. आमच्याकडे आली, त्याचाही कप भरला आणि पुढे गेली.

पुस्तकाचं असं केलं आहे. मोएन कसं लिहितात यावरची सहा प्रकरणं राहतील. का लिहितात हे सांगणारं सातवं काढून टाकलं. पहिल्या पानावरचा 'कच्ची' हा शब्दही काढला. संपादक नाराज आहेत, म्हणतात की निष्कर्षावाचून पुस्तक कसं छापायचं. रागनाला हस्तलिखित पाठवलं होतं, काल तिने परत दिलं. शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली होती. बाकी काही लिहिलेलं नव्हतं.

परतताना गाडी मी चालवत होते. नॉर्डाल मागे पडलं, नदीकाठचा रस्ता लागला. वॉरन खिडकीला डोकं टेकून होता, मला वाटलं झोपला. डुब्यूक तासाभरावर आलं तेव्हा मी म्हटलं, फेब्रुवारीतला तो गुरुवार, तू बसने गेलास तो. तो कसा गेला ते मला सांग.

"आता?" तो म्हणाला. "त्यात सांगण्यासारखं काही नाही."

"तरी सांग."

त्याने मफलर नीट केला. मग सांगायला लागला, सकाळी उठून दाढी कशी केली इथपासून. मधे मी एकदाही बोलले नाही. डुब्यूकचा पूल दिसायला लागला तरी त्याचं संपलं नव्हतं, म्हणून मी पुलावर न वळता तशीच पुढे गेले. त्याने जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.